राजीनाम्यावर तारीख टाकू नका

"ताई, सप्रेम नमस्कार. हे पत्र मी सांगतोय आणि माझी मुलगी लिहून घेतेय, ती नववीत आहे. मी जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहाय्यक, 2009 साली लागलो. आता वय 41. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी आरपी, म्हणजे रेटिनायटिस पिग्मेंटोसा हा डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे असं सांगितलं. तेव्हा फक्त रात्रीचं दिसायचं नाही. आता दिवसाही बाजूचं दिसत नाही, समोरचं नळीतून बघितल्यासारखं दिसतं. रजिस्टरमध्ये ओळ सुटते. मागच्या महिन्यात एक रक्कम चुकीच्या रकान्यात गेली. साहेब माणूस चांगला आहे, पण म्हणाले, 'सन्मानाने राजीनामा द्या, उद्या काही झालं तर चौकशी लागेल. मुलगी मोठी झाली की तिला अनुकंपावर घेऊ.' घरी भाऊही तेच म्हणतो. ऑफिसात मी आजाराचं नाव कुणाला सांगितलेलं नाही. संध्याकाळी जिन्यात अडखळतो, म्हणून हा 'घेऊन' असतो अशी कुजबुज चालते. आंधळ्या माणसाने क्लार्कचं काम कसं करायचं, हे मलाही कळत नाही. राजीनामा लिहून ठेवलाय. तारीख टाकायची बाकी आहे."

भाऊ,

तारीख टाकू नका. तो कागद आजच फाडा आणि मुलीसमोर फाडा, कारण बहुधा तोही तिच्याच अक्षरात असेल.

आधी कायद्याचं सांगते, म्हणजे रात्रीची झोप तरी लागेल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये कलम 20 आहे, त्याचं पोटकलम 4 तुमच्यासारख्यांसाठीच आहे. नोकरीत असताना ज्याला दिव्यांगत्व आलं, त्याला सरकारी आस्थापनेने काढायचं नाही आणि त्याचा दर्जाही कमी करायचा नाही. सध्याचं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत, त्याच सेवालाभांसह दुसऱ्या पदावर घ्यायचं. तसं पद रिकामं नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा पदावर ठेवायचं, योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीचं वय होईपर्यंत. 'सरकारी आस्थापना' या शब्दात स्थानिक संस्थाही येतात, म्हणजे तुमची जिल्हा परिषद आलीच. त्याच्या आधीचं पोटकलम सांगतं की केवळ दिव्यांगत्वामुळे बढती नाकारता येत नाही. हे काही नवं नाही, 1995 च्या जुन्या कायद्यातही कलम 47 होतंच. त्याच कलमावर 2003 साली सर्वोच्च न्यायालयाने कुणाल सिंग नावाच्या एका शिपायाच्या बाजूने निकाल दिला. पाय कापावा लागला म्हणून त्याला सेवेतून काढलं होतं. त्याला आजारपणाची पेन्शन मिळतेय, मग आता कसला हक्क, हा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही.

आता यातली मेख लक्षात घ्या. हे सगळं संरक्षण तुम्हाला काढण्याच्या विरोधात आहे. स्वतःहून राजीनामा दिलात की तुमचं बोट धरायला कायद्याकडे जागाच उरत नाही. मंजूर झालेला राजीनामा परत घेताना माणसांची काय दमछाक होते, ते मी जवळून पाहिलं आहे.

साहेब मनाने वाईट नाहीत असं तुम्ही लिहिता, मीही तसंच धरते. पण अनुकंपाचा शब्द त्यांनी द्यायला नको होता. अनुकंपा नियुक्ती मुळात सेवेत असताना मृत्यू आलेल्या कर्मचाऱ्याच्या वारसांसाठी आहे. राजीनामा दिलेल्याच्या मुलीला ती मिळेल, असं तोंडी सांगणारा अधिकारी दोन वर्षांनी बदलून गेलेला असेल. शिवाय तुम्ही 2009 ला लागलात, म्हणजे 1 नोव्हेंबर 2005 नंतरचे. जुनी पेन्शन योजना तुम्हाला लागू नाही. निवृत्तीच्या 58 व्या वर्षाला अजून 17 वर्षं आहेत. सतरा वर्षांचा पगार, आणि तो ज्या घराला पुरतो ते घर, हे दोन्ही भावासमोर ठेवा आणि मग विचारा त्याला.

भाऊ, एक कबूल करते. मी जन्मापासून अंध आहे. असलेली दृष्टी हातातून सुटत जाणं म्हणजे काय, ते मी सोसलेलं नाही. म्हणून तुमच्या दुःखाबद्दल मी मोठं काही बोलणार नाही. पण डोळ्यांशिवाय ऑफिसात काम करणं म्हणजे काय, ते मला पुरतं माहीत आहे. मी 1987 साली एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले. सत्तर-ऐंशी एक्स्टेन्शन नंबर तोंडपाठ. जुना खातेदार नुसतं "हॅलो" म्हणाला तरी मी नावाने विचारायची, "बोला, काय म्हणताय?" मग नवं एक्स्चेंज आलं, फोन परस्पर टेबलावर जाऊ लागले आणि माझ्यासमोरचा बोर्ड उचलून नेला. माझी खुर्ची तेवढी ठेवली. चौदा महिने मी त्या खुर्चीवर बसून होते. मॅनेजर प्रेमाने म्हणायचे, "ताई, तुम्ही बसा निवांत, पगार मिळतोय ना." पावणेअकराला चहा, दीडला डबा, साडेपाचला घर. शेजारच्या टेबलांवर शिक्के आपटत होते, माणसं भांडत होती, मार्चअखेरीला सगळे रात्री नऊपर्यंत थांबत होते आणि मला पाचलाच "निघा ताई" म्हणत होते. असा अपमान दुसरा नाही. शेवटी अर्जावर अर्ज करून मी बोलणाऱ्या संगणकावर बसले आणि पुढे निवृत्त होईपर्यंत ग्राहकांच्या तक्रारींचं टेबल सांभाळलं.

हे मुद्दाम सांगितलं, कारण उद्या तुम्हाला कुणी सांगेल की "अधिसंख्य पद घ्या, सही करा आणि बसा." कायद्याने दिलेला तो शेवटचा आसरा आहे. तुम्ही पहिल्यांदा काम मागा. नुसती नोकरी टिकली आणि काम गेलं, तर माणूस आतून खचतो.

आता क्लार्कचं काम कसं होतं, ते ऐका. संगणकावर एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट बसवता येतो. पडद्यावर जे असेल ते तो बोलून दाखवतो. माउस विसरायचा, सगळं कीबोर्डवरून. इन्सर्टचं बटण दाबून धरून खालचा बाण दाबला की तो पत्र वाचत सुटतो. पहिल्या आठवड्यात तो यांत्रिक आवाज डोक्यात जातो, हे आधीच सांगून ठेवते. महिन्याभरात आवाज विसरला जातो आणि मजकूर तेवढा कळतो. मग वेग वाढवत न्यायचा. माझा स्क्रीन रीडर ऐकून घरी आलेले पाहुणे विचारतात की ही कुठली भाषा.

तुमची रक्कम चुकीच्या रकान्यात गेली ना? तेच रजिस्टर एक्सेलमध्ये असेल आणि एनव्हीडीएला शीर्षकाची ओळ दाखवून ठेवली असेल, तर एका रकान्यातून दुसऱ्यात जाताना तो आधी रकान्याचं नाव सांगतो आणि मग आकडा. "प्रवास भत्ता, बाराशे चाळीस." अरुंद नळीतून बघत पान चाचपडणाऱ्या डोळ्यांपेक्षा हे कितीतरी भरवशाचं आहे.

अडचण येईल ती फाँटची. तुमच्या शाखेत पंधरा-वीस वर्षांची पत्रं जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली असतील. अशा फाँटमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरंच. त्यामुळे "मुख्य कार्यकारी अधिकारी" हे शब्द स्क्रीन रीडर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी करून वाचतो. कितीतरी जण इथेच हबकतात आणि समजतात की मराठीत हे यंत्र चालतच नाही. चालतं, फक्त मजकूर युनिकोडमध्ये हवा, म्हणजे मराठी अक्षर आतही मराठी म्हणूनच साठवलेलं हवं. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेता येतो. तुमचा स्वतःचा नवा मजकूर मात्र पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच टाइप करा. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिका, त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला असतात, त्यामुळे बोटांना लवकर वळण लागतं. दुसरी अडचण स्कॅन केलेल्या पत्रांची. तो नुसता फोटो असतो, आधी त्यातला मजकूर ओळखून घेणारं सॉफ्टवेअर वापरावं लागतं. आणि हाताने लिहिलेला अर्ज यंत्राला नीट वाचता येत नाही, तिथे माणूस लागतो. म्हणून बारनिशीचं, म्हणजे आवक-जावक टपालाचं टेबल किंवा हस्तलिखित रजिस्टरं मागू नका. टिपणी तयार करणं, पत्रव्यवहार, माहिती अधिकाराची उत्तरं, न्यायालयीन प्रकरणांच्या तारखांचा पाठपुरावा, तालुक्यांकडून फोनवर माहिती गोळा करणं, असलं काम मागा. सोळा वर्षं आस्थापनेचे नियम डोक्यात असलेला माणूस हे काम कुणाहीपेक्षा चांगलं करेल.

आंधळ्याने फाइल कशी तपासायची, असं कुणी विचारलंच, तर सांगा की 3 मार्च 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आहे. केवळ दृष्टी नाही म्हणून कुणालाही न्यायिक सेवेसाठी अपात्र ठरवता येणार नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे, आणि मध्य प्रदेशचा तसा नियमही रद्द केला आहे. न्यायाधीशाचा सगळा दिवस फायलींतच जातो.

आता दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राकडे वळते, कारण आरपीवाले नेमके इथे फसतात. जिल्हा रुग्णालयात समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावतात. आरपीमध्ये मधली नजर बराच काळ शाबूत राहते, त्यामुळे तुम्ही खालच्या ओळींपर्यंत वाचूनही जाल आणि "तुम्हाला तर चांगलं दिसतंय" असं ऐकून परत याल. कायद्याच्या व्याख्येत अक्षरांइतकाच नजरेच्या घेराला मान आहे. दोन्ही डोळ्यांनी निरोगी माणसाला आडवं साधारण 180 अंशांचं दिसतं. हा घेर 40 अंशांच्या आत आला तर तो अल्पदृष्टी आणि 10 अंशांच्या आत आला तर अंधत्व, मग अक्षरं कितीही बारीक वाचता येवोत. म्हणून नजरेच्या घेराची तपासणी, जिला डॉक्टर पेरिमेट्री म्हणतात, ती आधी करून घ्या आणि तो आलेख सोबत न्या. तपासणी झाल्याशिवाय वैद्यकीय बोर्डापुढून उठू नका. युडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज ऑनलाइन होतो. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त आलं की बहुतेक सवलतींचं दार उघडतं, व्यवसाय करही माफ होतो. पण माझ्या लेखी त्या कार्डाचा खरा उपयोग एकच, तुमचा आजार सेवापुस्तकात नोंदवला जातो.

आणि तो नोंदवला गेलाच पाहिजे. तुम्ही लपवलंत ते मी समजू शकते. पण चौकशीची भीती साहेबांनी दाखवली त्यात थोडं तथ्य आहे, आणि ते लपवण्यामुळेच आहे. आजार न सांगता रक्कम चुकली तर कागदावर तो हलगर्जीपणा दिसतो. तुम्ही लेखी कळवलं, सोयी मागितल्या, आणि त्या दिल्या नाहीत, तर चुकीचा सगळा भार तुमच्या एकट्याच्या डोक्यावर राहत नाही.

कुजबुजीचंही तेच. आरपीच्या माणसाला बाजूने केलेला नमस्कार दिसत नाही, तर लोक गर्विष्ठ म्हणतात. तिन्हीसांजेला पायरी चुकते, तर दारुडा म्हणतात. मी काठी शिकवायच्या वर्गात मदतीला जायची, तिथे एक गणिताचे मास्तर होते, आरपीचेच. पहिले पंधरा दिवस गावचं कुणी रस्त्यात भेटलं की हातातली काठी घडी घालून पिशवीत टाकायचे आणि मग पिशवी छातीशी धरून उभे राहायचे, अंदाजाने. एकदा तसेच उभे असताना मागून आलेल्या सायकलला धडकले. पोरगं त्यांच्याच शाळेतलं होतं. त्याने काठी पिशवीतून काढली, उघडली, त्यांच्या हातात दिली आणि म्हणाला, "सर, ही धरली असतीत तर मी घंटी वाजवली असती." मास्तर त्या दिवशी वर्गात येऊन बराच वेळ गप्प होते. दुसऱ्या दिवसापासून काठी शाळेतही न्यायला लागले. मुलांनी दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी सगळं सुरळीत. फळ्यावर आता मुलं लिहितात आणि मास्तर गणिताच्या पायऱ्या ऐकून चूक पकडतात.

तुम्हाला अजून दिसतंय म्हणून काठी आत्ताच कशाला, असं वाटेल. आत्ताच. कीबोर्ड, काठी, फोनचा पडदा वाचून दाखवणारा टॉकबॅक, सगळं डोळे साथ देतायत तोवर शिकायला घ्या. रोज दोन तास द्या, सहा महिन्यांत हात बसतो. नंतर शिकता येत नाही असं नाही, पण तेव्हा शिकणं आणि सावरणं एकदम करावं लागतं. शिकवणाऱ्या संस्था आपल्याकडे चांगल्या आहेत. नॅब म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, 1952 पासून मुंबईत आहे, महाराष्ट्र शाखा नाशिकला. पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन आहे. केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था देहरादूनला आहे. तुमच्या जिल्ह्यात नॅबचं काम आहे का, ते आधी विचारा. घराजवळ मिळेल ते शिक्षण पहिलं.

पैसे मात्र तेल, थेंब आणि "शंभर टक्के बरा" अशा जाहिरातींवर घालवू नका. मुलीचे डोळे एकदा नेत्रतज्ज्ञांना दाखवा. आरपी आनुवंशिक असला तरी कोणत्या प्रकाराने पुढे जातो यावर बरंच काही असतं, अनेकांच्या मुलांना तो होत नाही. आणि तिला तुमचे डोळे बनवू नका. पत्र लिहून देणं ठीक, पण तिची दहावी येतेय.

खासगी नोकरीतल्या वाचकांना दोन वाक्यांत सांगते. कलम 20 चं हे कवच तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे राजीनाम्याबाबत तुम्ही दुप्पट सावध राहा. मात्र 20 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेलाही समान संधी धोरण जाहीर करावं लागतं, त्याची प्रत मागा आणि त्यात काय लिहिलंय त्यावर बोट ठेवून बोला.

भाऊ, अर्जाचा मसुदा देते. तुमच्या भाषेत बदलून घ्या.

"मा. मुख्य कार्यकारी अधिकारी यांस, योग्य मार्गाने. विषय: सेवेत असताना आलेल्या दृष्टिदिव्यांगत्वाची नोंद होऊन सोयी मिळणेबाबत. मी अमुक शाखेत कनिष्ठ सहाय्यक पदावर 2009 पासून कार्यरत आहे. मला रेटिनायटिस पिग्मेंटोसा हा आजार असून वैद्यकीय कागदपत्रे सोबत जोडली आहेत. दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी अर्ज केला आहे, ते प्राप्त होताच सादर करीन. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 20 नुसार मला पुढील सोयी मिळाव्यात: स्क्रीन रीडर बसवलेला संगणक व हेडफोन, युनिकोडमधील मजकूर, स्कॅनर, संगणक प्रशिक्षणासाठी सवड, आणि हस्तलिखित नोंदवह्यांऐवजी संगणकावर होणारे काम. मी काम करण्यास इच्छुक व सक्षम आहे."

शेवटचं वाक्य गाळू नका.

दोन प्रती काढा. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि सही घ्या. तुम्ही आस्थापनेतले, तुम्हाला पोचेचं महत्त्व मी काय सांगणार. कार्यालयात या कायद्याखाली तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा, तो कोण ते विचारून ठेवा. महिनाभरात काहीच हललं नाही तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे अर्ज करता येतो, त्याला वकील लागत नाही. पण त्याआधी साहेबांकडे स्वतः जा, दार लावून बसा आणि आजाराचं नाव सांगा. जो माणूस 'सन्मानाने' हा शब्द वापरतो, त्याला बहुतेक वेळा दुसरा मार्ग माहीत नसतो. कलम छापून सोबत न्या.

पोच मिळाली की मला कळवा. तो निरोप फोनमधला टॉकबॅक लावून तुम्ही स्वतः लिहा. चुका झाल्या तरी चालतील, मी ऐकून समजून घेईन.

तुमची,
ताई